पार्किंगबाई आणि तळ्याकाठचा रस्ता

गावात तिला सगळे पार्किंगबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की पार्किंगबाई. नगरपालिकेतल्या तिच्या दारावर ‘वाहनतळ, बस व रस्ते विभाग’ अशी ऐटबाज पाटी होती. पण आत विभाग म्हणून जे काही होतं ते म्हणजे ती स्वतः, एक डुगडुगतं टेबल आणि चौकाकडे उघडणारी खिडकी. ती खिडकी तिनं हट्टानं मागून घेतली होती आणि आता रोज पस्तावत होती. कारण खाली कुणी भलत्या जागी गाडी लावली की तो मान वर करून तिलाच विचारी, “मॅडम, पाच मिनिटं लावू ना?”

“नको!” ती वरून ओरडे.

“बरं, दोनच मिनिटं,” असं म्हणून माणूस गाडीला कुलूप लावून खुशाल जेवायला जाई.

गाव तसं चिमुकलं. एक तळं, त्याच्या काठानं जाणारा एक रस्ता आणि रस्त्यावर ओळीनं हॉटेलं. एरवी इतकं निवांत की कुत्रं रस्त्याच्या मधोमध ताणून देई आणि गाड्याच त्याला वळसा घालून जात. पण सीझन सुरू झाला की जो तो तळ्याच्या अगदी काठाशी गाडी लावायला बघे. एका गृहस्थानं तर हँडब्रेक न ओढता लावली आणि ती सरळ पाण्यात गेली. क्रेननं गाडी बाहेर काढत असताना, निथळणाऱ्या गाडीकडे बघत, तो पार्किंगबाईवरच डाफरला, “इथं पाणी आहे अशी पाटी का नाही लावली?”

संध्याकाळी ती घरी आली की नवरा चहा ठेवता ठेवता विचारी, “काय म्हणतोय आजचा दिवस?” तो शाळेत गणित शिकवायचा आणि स्वभावानं थंड होता.

“विचारूच नकोस,” ती म्हणे, आणि मग जेवणं होईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

पण तिचं खरं दुखणं पाहुण्यांचं नव्हतं, घरचंच होतं. तळ्याकाठचं सगळ्यात जुनं हॉटेल तिच्या सख्ख्या भावाचं. तो तिच्याहून थोरला, हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष, आणि आवाज असा की सभेत त्याच्यापुढचा माइक बंद ठेवावा लागे. आई त्याच्याकडेच, हॉटेलच्या मागच्या खोल्यांत राहायची.

त्या वर्षी तळ्याकाठच्या रस्त्याखालचं जुनं गटार खचलं आणि रस्ता उकरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पार्किंगबाईनं विचार केला, रस्ता नाहीतरी बंद होणारच आहे, तर सीझनभर गाड्या गावाबाहेरच्या मैदानावरच थांबवाव्यात आणि तिथून तळ्यापर्यंत छोटी बस सोडावी. कितीतरी वर्षं तिच्या मनात हे होतंच. आता निमित्त आयतं चालून आलं होतं.

नगरपालिकेच्या सभेत तिनं ही योजना मांडली, तसा दादा उभा राहिला. “मॅडमना हॉटेल चालवायचा अनुभव नाही,” तो गरजला. “गिऱ्हाईक गाडीतून उतरून बसमध्ये कशाला चढेल? सामान काय डोक्यावर घेईल?”

सख्ख्या भावाच्या तोंडून ‘मॅडम’ ऐकून तिचं डोकंच फिरलं. “आणि अध्यक्षांना रस्ते चालवायचा अनुभव नाही,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी यांच्याच दारात गाड्या अशा अडकल्या होत्या, की गिऱ्हाईक जेवण न करताच परत गेलं.”

सभागृह हसलं. योजना एका सीझनपुरती मंजूर झाली, आणि दादानं बहिणीशी बोलणं टाकलं. आईचा तेवढा फोन येई. “तो रागावलाय गं,” ती सांगे. तेही हळू आवाजात, कारण तो शेजारच्याच खोलीत असे.

रस्त्याचा ठेकेदार हसतमुख माणूस होता आणि त्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं, “होऊन जाईल, मॅडम.” खोदायला लागून आठवडा होतो न होतो तोच त्याच्या माणसांनी पाण्याचा मुख्य पाइप फोडला. रस्त्यातून कारंजं उडालं, पाहुणे फोटो काढायला धावले आणि तळ्याकाठच्या सगळ्या हॉटेलांचे नळ कोरडे पडले.

“नकाशात पाइप पलीकडच्या बाजूला आहे, मॅडम,” ठेकेदार म्हणाला.

“मग हे पाणी कुठून येतंय?”

त्यानं जरा निरखून पाहिलं. “अलीकडून.”

तेवढ्यात दादा तरातरा खड्ड्यापाशी आला. बोलायचं टाकलंय हे त्याच्या लक्षात असावं, कारण तो तिच्याकडे न बघता खड्ड्याकडे बघून ओरडला, “माझा पाहुणा डोक्याला साबण लावून नळाखाली उभा आहे! त्याला काय सांगू?”

“तळ्यात बुडी मार म्हणावं,” तीही खड्ड्याकडेच बघत म्हणाली.

पाइप दुरुस्त झाला. बसही रडतखडत सुरू झाली. सुरुवातीला लोकांनी तिला नाकं मुरडली. कुणाला ती उशिरा आली म्हणून राग, कुणाला वेळेवर सुटली म्हणून. मैदानावर गाडी लावणाऱ्या एका बाईनं, “माझी गाडी इथं एकटी घाबरणार नाही ना?” असं विचारलं, तेव्हा पार्किंगबाई म्हणाली, “बाकीच्या आहेत ना सोबतीला.” आणि ठेकेदार? तो एके दिवशी माणसं, रोलर सगळं घेऊन दिसेनासा झाला. अर्धा रस्ता खडीचा, अर्धा मातीचा, आणि फोन उचलायला कुणी नाही.

आणि अशातच आई पडली.

तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गाडी दारापर्यंत येत नव्हती, म्हणून वहिनी तिला हाताला धरून रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या बसथांब्यावर घेऊन गेली. तिथं खोदकामामुळे जमीन खचलेली होती आणि बसची पायरी तिच्या गुडघ्याहून वर होती. आईनं काठी टेकली, पाय उचलला आणि तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही, पण गुडघा सोलवटला आणि मनगट सुजून टम्म झालं.

दादा धाडधाड जिने चढून ऑफिसात आला. या वेळी तो तिच्याकडे बघूनच बोलला. “तुझ्या बसनं आईला पाडलं,” तो म्हणाला. “आता काय, तिचंच नाव देणार तुझ्या योजनेला?”

ती खुर्चीतून उठली, तेवढ्यात दादा दार आपटून गेला.

ती हॉटेलच्या मागच्या दारानं आईच्या खोलीत गेली. आई मनगटाला पट्टी बांधून पलंगावर बसली होती. तिला बघताच म्हणाली, “रडू नकोस हं. मला बसनं नाही पाडलं, पायरीनं पाडलं. बस छान आहे गं तुझी. पण ती पायरी काय जिराफासाठी केलीय?”

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. बस कुठं वळेल, कुठं थांबेल, पाट्या कुठल्या बाजूनं दिसतील, सगळा विचार करून झाला होता. चढायचं कसं, हे मात्र कधी मनातच आलं नव्हतं. ती स्वतः रोज टुणकन उडी मारून चढत होती.

“दादा तर...” तिनं सुरुवात केली.

“दादाशी नंतर भांड,” आई म्हणाली. “आधी पायरीचं बघ.”

दुसऱ्या दिवशी ती शोधत शोधत ठेकेदाराच्या नव्या कामावर जाऊन धडकली. तो शेजारच्या गावात पूल बांधत होता. तिला पाहताच त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. “होऊन जाईल, मॅडम, फक्त डांबराचा प्लांट बंद...”

ती सरळ त्याच्या जीपमध्ये जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

“कुठं सोडू, मॅडम?” त्यानं गोंधळून विचारलं.

“आमच्या खड्ड्यापाशी. माणसं मागच्या गाडीत घे. डांबर नाही ना, नसू दे. थांब्याचा कट्टा बसच्या पायरीइतका उंच करून दे आणि रस्त्यावरची खडी नीट दाबून दे. तोवर मी उतरत नाही.”

ती खरंच उतरणार नाही हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं, मग माणसांना हाक मारली. कट्टा झाला. त्यावरून पाऊल न उचलता बसमध्ये जाता येई. वाळल्यावर पहिल्यांदा आईला आणलं. तिनं काठीनं कट्ट्यावर दोनदा टकटक केलं, आत गेली, ड्रायव्हरच्या मागची जागा धरली आणि म्हणाली, “आता चालव.” त्यानंतर ती उगीचच मैदानापर्यंत जाऊन परत येऊ लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती सांगे, “माझ्या मुलीची बस आहे.” ड्रायव्हर तक्रार करायचा, की म्हातारी हॉर्न कधी वाजवावा हेसुद्धा शिकवते.

डांबर काही त्या सीझनला पडलं नाही. दाबलेल्या खडीवरून गाड्या सोडता येईनात, म्हणून रस्ता बंदच राहिला. पोरंटोरं तिथं पळापळ करू लागली, लोक रमतगमत तळ्यापर्यंत चालू लागले. दादानं पहिल्यांदा दोन टेबलं बाहेर मांडली, ‘आत उकडतंय म्हणून’. मग चार. मग टेबलांवर छत्र्या आल्या. शेजारच्या हॉटेलवाल्यांनीही हळूहळू तेच केलं. संध्याकाळी तिथं बसायला जागा मिळेना.

सीझन संपत आला तेव्हा सभेत विषय निघाला, रस्ता पुन्हा गाड्यांना खुला करायचा का. दादा उभा राहिला. “तळ्याकाठी गाडी म्हणजे शुद्ध वेडेपणा,” तो म्हणाला. “मी तर पहिल्यापासून हेच सांगतोय.”

पार्किंगबाईनं पाण्याचा ग्लास हातात घेतला होता. तिनं तो मोठ्या प्रयत्नानं परत टेबलावर ठेवला. ठराव एकमतानं मंजूर झाला, दर सीझनला रस्ता बंद. टाळ्या दादाला मिळाल्या.

पण त्याच दुपारी खिडकीखालून ड्रायव्हर कोकलला. दादाची टेबलं पसरत पसरत रस्त्याच्या तोंडाशी, बसच्या वळणाच्या जागेत घुसली होती आणि बस तिरपी होऊन अडकली होती. ती धापा टाकत तळ्याकाठी पोचली.

“दादा, टेबलं मागं घे.”

“गिऱ्हाईक बसलंय, दिसत नाही का?”

“मग बस वळायची कुठून?”

“जरा पुढून वळव.”

“पुढं तुझं स्वयंपाकघर आहे!”

बसमधून आईनं मान बाहेर काढली. “तुम्ही दोघं आधी हॉर्न वाजवायचं थांबवा,” ती म्हणाली, “आणि टेबल उचला.”

दादानं एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं. गिऱ्हाइकं हातात ताटं घेऊन उभी राहिली. एकामागून एक टेबलं सरकवताना दादा हळूच म्हणाला, “जेवलीस का?”

“कधी जेवणार? तुझ्या टेबलांनी वेळ ठेवलाय का?”

त्यानं वहिनीला हाक मारून बहिणीसाठी ताट मागवलं आणि नुकत्याच सरकवलेल्या टेबलावर तिला बसवलं. बस वळून गेली. आई खिडकीतून हात हलवत होती. पार्किंगबाईनं दोन घास खाल्ले, तिसरा उचलला, तेवढ्यात दादा समोरची खुर्ची ओढून बसला.

“एक सांगू का,” तो म्हणाला, “माझी सामानाची गाडी तेवढी सकाळी इथपर्यंत सोड. रोज नाही. पाचच मिनिटं.”

तिनं घास परत ताटात ठेवला.

“दादा,” ती म्हणाली, “मला जेवू दे.”