मागं खेळणाऱ्यांचा फोटो

माझ्या आवडत्या जर्मन फुटबॉलपटूचं नाव काढलं की वसमत रोडवरच्या आमच्या चहाच्या टपरीवर लोक एकमेकांकडं बघतात. "हा कोण हो?" झालं, माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, विश्वचषक जिंकून निवृत्त झालेला माणूस आहे तो! त्याच्याच काळातल्या गोल करणाऱ्यांचे चेहरे परभणीत सलूनच्या भिंतींवर आहेत, रिक्षांच्या मागं आहेत. हा मात्र जन्मभर मागं बचावफळीत उभा राहून समोरच्याला अडवत राहिला, आणि लोकांच्या खिजगणतीतही नाही. गोल अडवणं म्हणजे काय काम नाही?

माझी मुलगीही मागंच खेळते. त्याचे जुने सामने मोबाईलवर दाखवून मीच तिला त्या जागेचं वेड लावलं. यंदा तिच्या शाळेनं जिंतूरला फायनल जिंकली, एक-शून्यनं. शेवटी शेवटी समोरच्या पोरी नुसत्या चालून येत होत्या. माझी लेक गुडघा फुटला तरी हटली नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

दोन-तीन दिवसांत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. वर नेते, त्याखाली नेत्यांचे चिरंजीव, मधोमध गोल करणारी मुलगी, भली मोठी. बाकीचा संघ खाली एका ओळीत. आणि ओळीच्या टोकाला, नेमका माझ्या मुलीच्या तोंडावर, कुणा शुभेच्छुक भाऊंचा गॉगल घातलेला फोटो चिकटवलेला. तिचा पट्टी बांधलेला गुडघा तेवढा दिसत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच फ्लेक्सवाल्याकडं गेलो. "जिनं मॅच वाचवली तिच्यावरच माणूस बसवलात?"

त्यानं कॉम्प्युटरवरून नजरही काढली नाही. "सर, मग भाऊला कुठं टाकू? गोलवालीवर टाकता येतंय का? मागच्या पोरींना कोण बघायलंय?"

त्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोललो ते बरंच केलं.

धुसफुसत घरी आलो. मुलगी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. "उद्या माझ्या खर्चानं नवा फ्लेक्स लावतो, बघच तू," मी म्हणालो.

"नको पप्पा. मी सरला सांगून टाकलंय. आता मी पुढं खेळणार."

"आणि मागं कोण?"

"कुणीबी."

मी त्या जर्मनाचं सुरू करणार, तेवढ्यात तिनंच हात करून मला थांबवलं. "तो लय भारी हाय, माहितीय मला. पण परभणीत त्याला तुमी एकटेच ओळखता. मलाबी तुमी एकट्यानंच बघायचं का?"

ती सायकल काढून मैदानावर निघून गेली. मी दारातच उभा राहिलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या जर्मनाचाच राग आला. एवढा मोठा माणूस तू, एकदा तरी पुढं यायचं होतंस की रे!