तिसरी पट्टी

"मास्तर, हा मॅस्टॉइडचा अ‍ॅबसेस आहे," माझ्या पत्नीच्या कानामागची सूज दाबून पाहत ठाण्याच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. मॅस्टॉइड म्हणजे कानामागचे हाड आणि अ‍ॅबसेस म्हणजे आत साठलेला पू. "आज उघडला नाही, तर मेंदूकडे जाईल."

यमुनेचा कान लहानपणापासून वाहत असे. कल्याणला आम्ही लसणीचे तेल घालून दिवस काढले. ज्यांच्या घरी असा कान आहे त्यांनी सूज येईपर्यंत थांबू नये, हे माझे पहिले सांगणे.

कानामागचे चार बोटे केस काढावे लागले. सवाशिणीच्या डोक्याला वस्तरा लागला म्हणून तिला रडू आले. शस्त्राचे तिने तेवढे मनावर घेतले नाही. मग क्लोरोफॉर्म, म्हणजे शुद्ध हरपवणारे औषध, हुंगवून डॉक्टरांनी हाड कोरले. मी बाहेरच्या बाकावर होतो. हातात पुस्तक होते. पान उलटले नाही.

पुढे रोज सकाळी जखमेत लिंट, म्हणजे मऊ कापडाच्या पट्ट्या, चिमट्याने भरत आणि दुसऱ्या दिवशी त्या काढून नव्या घालत. याला क्लोरोफॉर्म नसे. ती डोळे मिटून, माझा हात धरून पडून राही. थट्टा मात्र सुटली नव्हती. "इतकी वर्षं तुमचं व्याकरण ऐकलं, म्हणूनच वाहत होता बिचारा," ती एकदा म्हणाली.

बाराव्या दिवशी पट्ट्या काढून, वरून फडके बांधून आम्हाला घरी सोडले. आगगाडी सुटल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, काल तीन घातल्या होत्या. आज दोनच निघाल्या."

"अगं, डोळे मिटलेले होते ना तुझे? तुला काय दिसणार?"

"दिसायला कशाला हवं? एकेका पट्टीला जीव जातो. मी मोजते."

"डॉक्टर आहेत ते. त्यांना कळत नाही का?"

ती खिडकीतून खाडीकडे बघत राहिली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

रोगी बरा झाला की वर्तमानपत्रात डॉक्टरांचे जाहीर आभार छापवण्याची आमच्याकडे चाल आहे. त्यात मला लिहिण्याची हौस. घरी पोचलो त्याच संध्याकाळी मजकूर तयार केला, दोनदा शुद्ध केला आणि टपालात टाकला.

सातव्या दिवशी तिला ताप भरला, मान ताठली. पुन्हा ठाणे गाठले. वरून भरून आलेली जखम डॉक्टरांनी उघडली आणि आतून एक काळी पडलेली पट्टी ओढून काढली. खोलीभर दुर्गंधी सुटली. पट्टी त्यांनी भांड्यात टाकली, वर फडके झाकले आणि माझ्याकडे न बघता हात धुतले. "मेनिंजायटिस," ते म्हणाले. म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज. "आता आपल्या हाती काही नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याआधीच शुद्ध हरपली होती, म्हणून तिचे म्हणणे खरे निघाले हे तिला सांगता आले नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी ठाण्याला एका वकिलाकडे गेलो. ते माझे शाळासोबती.

"ती पट्टी कुठे आहे?"

"त्यांनी टाकून दिली."

"तुझ्याशिवाय कोणी पाहिली?"

"नाही."

त्यांनी टेबलावरचे वर्तमानपत्र उलगडून मोठ्याने वाचले, "'उपचारात काडीइतकीही हयगय झाली नाही. प्रत्येक पट्टी डॉक्टरसाहेबांनी स्वहस्ते काढली.' अरे, त्यांच्या वकिलाला तू कामच ठेवलं नाहीस."

तरी मी कलेक्टरसाहेबांकडे अर्ज केला. चार महिन्यांनी तो परत आला. त्याला माझ्या त्या आभाराचे कात्रण टाचलेले होते. शेरा एका ओळीचा होता: अर्जदाराचा पूर्वीचा मजकूर पाहावा.

हे वाचणाऱ्याने आभार मानू नयेत असे मी म्हणत नाही. ज्याच्या जखमेत चिमटा जातो त्याला मात्र आधी विचारावे, आणि तो सांगेल ते खरे धरून तिथल्या तिथे मागे फिरावे. पुढच्या स्टेशनावर उतरलो असतो, तर त्याच दिवशी इस्पितळात परत पोचलो असतो.

ते कात्रण माझ्यापाशी आहे. डॉक्टरांचे नाव त्यात तीनदा आले आहे. जिच्यासाठी ते लिहिले तिचा उल्लेख 'आमचे कुटुंब' एवढाच आहे. म्हणून इथे लिहून ठेवतो: तिचे नाव यमुना. तिने बरोबर मोजले होते.