शेजारच्या सीटखालचा ब्रेक

आधी आरसा, मग इंडिकेटर, मग चाक.

हे वाक्य मास्तरांच्या तोंडून दिवसातून वीस वेळा तरी निघायचं. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं, आणि त्या सत्तावीस वर्षांत ते स्वतः क्वचितच चाकामागे बसले. त्यांची जागा शेजारची. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. चाक शिकणाऱ्याच्या हातात आणि जीव मास्तरांच्या पायात. समोरून ट्रक आला, कुत्रं आडवं गेलं, की शिकणारा घाबरायच्या आत गाडी थांबलेली असायची, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे विचारायचे, "आरसा बघितला होतास का?"

त्या एका पायाची कीर्ती गावभर होती. त्यांचा उजवा बूट डाव्याच्या दुप्पट वेगाने झिजायचा. बूट दुरुस्त करणारा दर वेळी विचारायचा, "मास्तर, तुम्ही लंगडी घालत फिरता काय?" तो पाय गाडीतून उतरल्यावरही कामावरच असायचा. केस कापणाऱ्याची कात्री कानाजवळ आली, की खुर्चीच्या पायरीवर खटकन पाय दाबला जायचा. बायको भरलेलं पातेलं घेऊन वळली, की जेवणाच्या टेबलाखाली खटकन. लोक समोर मास्तर म्हणायचे, पाठीमागे ब्रेकमास्तर.

शेकडो माणसं त्यांच्या हाताखाली शिकली. शिकायची राहिली ती एकच, त्यांची स्वतःची मुलगी. एकोणीस वर्षांची असताना चाकामागे बसली होती. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जेमतेम अर्धा मैल रस्ता, आणि तेवढ्यात मास्तरांनी अकरा वेळा ब्रेक दाबला. अकराव्या वेळी तिने दार उघडलं, भर रस्त्यात खाली उतरली आणि म्हणाली, "तुम्हीच चालवा बाबा. दोन्ही सीटवर बसून चालवा." आणि चालत घरी गेली. नंतर नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली ती तिथेच राहिली. भांडण असं काही नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा.

"जेवलीस?"

"हो."

"काम?"

"ठीक."

"आईला देऊ?"

"द्या."

थंडीच्या दिवसांत मास्तरांच्या गाडीचं इंजिन गरम व्हायलाही याहून जास्त वेळ लागायचा.

एका रविवारी सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा लवकर फोन लावला. तिने उचलला, पण 'हॅलो' म्हणायच्या आधीच आरडाओरडा ऐकू आला. "डावीकडे! अरे मागे बघ, मागे! मेलास ना!"

मास्तर खुर्चीतून उठलेच. "कोण मेलं?"

"कोणी नाही बाबा, गेम आहे. ऑफिसातले आम्ही पाच जण खेळतो. थांबा जरा."

ती फोन ठेवायला विसरली. मास्तर चाळीस मिनिटं कानाला फोन लावून उभे राहिले. मुलगी हसत होती, भांडत होती, हुकूम सोडत होती. तो आवाज त्यांनी सहा वर्षांत ऐकला नव्हता. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी कळलं, की पाचांपैकी एकाचं मनगट मोडलं आहे आणि जागा रिकामी आहे.

"मी येतो," मास्तर म्हणाले.

तिकडे खुर्ची करकरली. मग, "बाबा, त्यात बंदुका असतात."

"असू देत. रस्त्यावर ट्रक असतात."

ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. "तीन रविवार देते. चौथ्या रविवारी दुसऱ्या शाखेशी सामना आहे. तोपर्यंत जमलं तर जागा तुमची. नाहीतर गोदामातला एक जण तयार बसलाय."

मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. जागा मिळाली तर दर रविवारी दोन तास मुलीचा आवाज. नाही मिळाली तर पुन्हा 'जेवलीस? हो.'

घरातच असलेल्या शिकवणीच्या ऑफिसात एक संगणक होता, ज्यावर शिकाऊ लोक रस्त्यावरच्या खुणांचा सराव करायचे. त्यावर गेम बसवला गेला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, अठ्ठावन्नाव्या वर्षी बंदूक? आणि तीही खोटी?"

"खरीचं लायसन कोण देतंय मला?"

पहिल्या रविवारी मुलीने हेडफोनमधून कानात बसून धडा दिला. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. एका बाजूने ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब ठेवायचा, दुसरीने ठेवू द्यायचा नाही. मेलेल्याने मारणारा कुठे आहे तेवढं सांगायचं, मग तो डाव संपेपर्यंत गप्प बसायचं आणि जिवंत साथीदाराच्या डोळ्यांनी पुढचं बघायचं. उजव्या हातातल्या माऊसने नजर फिरते, डाव्या हाताखालच्या चार बटणांनी पाय चालतात.

मास्तरांची नजर छताला गेली आणि पाय भिंतीवर आपटले.

"बाबा, कुठे आहात?"

"इथे एक भिंत आहे."

"कुठली भिंत?"

"जवळची."

संघाचा कप्तान एक तरणा मुलगा होता. सगळे त्याला सुसाट म्हणत. तो खो खो हसला. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "बटणांकडे बघू नका. समोर बघा."

मास्तरांना गंमतच वाटली. गिअरकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ, हे त्यांचंच वाक्य कपडे बदलून त्यांच्याकडे परत आलं होतं.

"आरसा कुठे असतो यात?" त्यांनी विचारलं.

"आरसा नसतो, बाबा."

"आरशाशिवाय एवढी माणसं पळतात? मग मरणार नाहीत तर काय!"

त्यांनी ठरवलं, दर दहा पावलांना आपण थांबायचं आणि वळून मागे बघायचं. बाकीचे चौघे वाऱ्यासारखे पुढे जायचे आणि मास्तर मागून, नवरी जपून न्यावी तसे स्वतःला नेत यायचे. एका अरुंद दारापाशी समोरून कोणीतरी आला. मास्तर बाजूला झाले आणि त्याला वाट दिली.

"काका! तो शत्रू होता!" सुसाट किंचाळला.

"असेल. पण दारात आधी तो आला होता."

तो शत्रूही इतका चक्रावला, की तसाच सरळ निघून गेला. दहा पावलांवर गेल्यावर त्याला आठवण झाली, आणि मग परत येऊन त्याने मास्तरांना मारलं.

पण मास्तर हटणाऱ्यातले नव्हते. जे दुसऱ्यांना शिकवलं तेच स्वतःला लावलं, रोज थोडं आणि न चिडता. दोन शिकवण्यांच्या मध्ये ते एकटेच त्या रिकाम्या गल्ल्यांतून फिरायचे. कुठलं दार कुठे उघडतं, कुठल्या भिंतीआडून किती दिसतं, सगळं पाठ केलं. नेम काही लागेना, पण उलटं चालणं असं जमलं, जणू रिव्हर्स घेतलेली गाडीच. दुसऱ्या रविवारी मुलगी एकदा चक्क म्हणाली, "बाबांनी सांगितलं म्हणून वाचले." मास्तरांनी ते वाक्य दुपारी बायकोला सांगितलं आणि संध्याकाळी पुन्हा सांगितलं.

मात्र त्याच रविवारी घोळ झाला. सुसाट एका कोपऱ्यावरून वेगात वळणार, तेवढ्यात मास्तरांच्या तोंडून निघालं, "थांब!"

त्या आवाजाने सत्तावीस वर्षं गाड्या थांबवल्या होत्या. त्यापुढे ही पोरं काय टिकणार? चौघेही जागच्या जागी उभे राहिले. उभी माणसं मारायला कितीसा वेळ लागतो? चौघेही गेले. पुढच्या डावात पुन्हा "थांब!", पुन्हा चौघे गेले. तिसऱ्यांदा मुलगी एकटी उरली होती. एका उडीत समोरच्याला गाठणार, तर "थांब!" ती थांबली, आणि गेली.



"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही मला दिसत नाही आहात. पण तुमचा उजवा पाय आत्ता खाली दाबलेला आहे. खरं की नाही?"

मास्तरांनी टेबलाखाली वाकून बघितलं. खरं होतं.

"अकरा," ती एवढंच म्हणाली. कुठले अकरा, ते मास्तरांना विचारावं लागलं नाही.

सुसाट चाचरत म्हणाला, "काका, तुम्ही माणूस लाखात एक आहात. पण तो गोदामवाला जरा..."

"एक रविवार बाकी आहे अजून," मुलीने त्याला तोडलं.

त्या आठवड्यात मास्तर अर्धं जेवण ताटात तसंच ठेवून उठायचे. बायकोने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पातेल्यात काठोकाठ पाणी भरलं. "बसा समोर. पाय वर घ्या, खुर्चीवर मांडी घाला. आणि तोंड बंद."

ती भरलेलं पातेलं घेऊन टेबलाच्या कडेने गेली. मास्तरांचा गुडघा उडाला. ती पुन्हा गेली. मास्तर "अगं" म्हणाले.

"अगंही नाही," ती म्हणाली आणि पातेलं पुन्हा भरून आणलं.

असे तीन दिवस गेले. शनिवारी तिचा पाय खरंच घसरला आणि अख्खं पातेलं जमिनीवर पालथं झालं. मास्तर मांडी घालून स्थिर. ओठ घट्ट मिटलेले.

"शाबास," बायको पाण्यात उभी राहून म्हणाली. "आता उठा आणि फडकं आणा."

तिसरा रविवार उजाडला. मास्तर मांडी घालून बसले. ठरवलं होतं, दिसेल ते सांगायचं, काय करायचं ते सांगायचं नाही. "मागे एक, निळ्या दारापाशी." "डावीकडे पावलं वाजतात." बस्स. संघ सावरला. डावामागून डाव बरोबरीत चालले आणि शेवटचा निर्णायक डाव आला.

त्यात मास्तर आधी मेले. "मला मारणारा लाकडी खोक्यांपाशी आहे," एवढं सांगून ते गप्प झाले. मग सुसाट गेला, मग उरलेले दोघे. मुलगी एकटी, समोर दोन शत्रू. आता मास्तरांना पडद्यावर तेच दिसत होतं, जे तिला दिसत होतं.

आणि मास्तरांच्या लक्षात आलं, ही तर शेजारचीच सीट आहे. तोच रस्ता, तोच वेग, चाक तिच्या हातात. फक्त पायाखाली ब्रेक नाही.

ती एका लांब बोळातून पळत सुटली. फार वेगात. मास्तरांच्या हिशेबाने तर भलत्याच वेगात. बोळाच्या टोकाला वळण होतं आणि वळणापलीकडे एक जण नक्की होता. 'थांब' घशापर्यंत आला, जिभेवर आला. बायकोने मागून येऊन त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. मास्तरांनी पेनचं टोपण दातांत धरलं आणि चावलं.

वळण आलं. आणि वळणावर, कोणी न सांगता, पडद्यावरचं सगळं जग गर्रकन फिरलं. तिने मागे बघितलं होतं. खोक्यांपाशी लपलेला तो दबक्या पावलांनी तिच्या मागे येतच होता. तिने त्याला टिपलं, तशीच वळली आणि कोपऱ्यापलीकडच्यालाही टिपलं.

बाकीचे तिघे ओरडत होते. त्या गोंगाटात मास्तरांना तिचा आवाज आला, हळू, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. "आधी आरसा."

 मास्तरांच्या तोंडात टोपणाचे दोन तुकडे होते, ते आधी बाहेर काढावे लागले.

"काका, झोपलात काय?" सुसाटने विचारलं.

"नाही रे बाबा. जागाच आहे."

"पुढच्या रविवारी बरोबर दहाला," मुलगी म्हणाली. "उशीर चालणार नाही. संघात आहात." बाकीचे गेले तरी ती मात्र गेली नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो, वरचा शेजारी फर्निचर सरकवतो, सुसाट दिसतो तितका वाईट नाही, असं काय काय ती सांगत राहिली. 'जेवलीस का' विचारायचं मास्तर साफ विसरले.

चौथ्या रविवारचा सामना हरले, ते सोडा. दारात मास्तरांनी पुन्हा एकाला वाट दिली होती.

दोन महिन्यांनी मुलगी सुट्टीवर घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबलावर शिकाऊ लायसन ठेवलं, कोरं करकरीत.  मास्तरांनी खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

बंद पडलेल्या कारखान्यामागे मोठं मोकळं मैदान होतं. मास्तर तिथेच लोकांचा पहिला धडा घ्यायचे. मुलगी चाकामागे बसली आणि मास्तर शेजारी, सीटवर मांडी घालून. तिने दोन फेऱ्या मारल्या. गिअर एकदा कुरकुरला, एकदा गाडी बंद पडली. मास्तर पुढे बघत राहिले. तिसऱ्या फेरीत ते म्हणाले, "थांब."

तिने स्वतःच्या पायाने गाडी थांबवली. मास्तरांनी दार उघडलं आणि खाली उतरले.

"कुठे चाललात?"

"घरी. चालत. तेव्हा तू गेली होतीस, आता माझी पाळी."

"आणि ब्रेक?"

"एक आहे की तुझ्या पायाखाली. एक पुरतो."

असं म्हणून ते फाटकाकडे निघाले. सत्तावीस वर्षं जगाला मागे बघायला लावणारा माणूस, पण स्वतः एकदाही वळला नाही. मुलगी त्यांना वरच्या छोट्या आरशातून बघत होती. सरळ पाठ, हात मागे बांधलेले, एक तळवा जास्त झिजलेले बूट. तिने इंजिन चालू केलं. त्या आवाजासरशी आरशातल्या मास्तरांचा उजवा पाय एकदा जमिनीवर जोरात पडला, एवढा की धूळ उडाली. मग ते पुन्हा चालायला लागले.

फाटकाबाहेर पडून ते आरशातून दिसेनासे होईपर्यंत ती थांबली. मग इंडिकेटर दिला. मग चाक फिरवलं.