अकरा जणींची वाटणी

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून गावी आले ती कोरी वही घेऊनच. आमच्या सरांनी बजावलं होतं, मालक आणि मजूर पुस्तकात वाचलेत, आता काम प्रत्यक्षात कसं चालतं ते मोजून आणा. ईट गावाच्या बाजूला पाझर तलावाचं काम चालू होतं आणि आईच्या टोळीत अकरा बायका होत्या. हजेरीच्या कारकुनानं छत्रीखालची आपली खुर्ची मला दिली. आई उन्हात माती वाहतेय आणि मी सावलीत बसून तिला मोजतेय, यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही. एवढी मी शहाणी!

चार दिवस कुणी किती टोपल्या वाहिल्या ते लिहिलं. आईच्या साठाच्या वर जायच्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या वीसही भरत नव्हत्या. त्यांचे गुडघे सुजलेले, निम्म्या चढावर त्या थांबायच्या. मग बाकीच्या दहाजणी आपापल्या टोपल्या शिगोशीग भरायच्या. खड्डा टोळीचा होता आणि मापही टोळीचंच व्हायचं.

पाचव्या दिवशी कारकून म्हणाला, "ताई, वही दावा जरा. वरून सांगणं आलंय, कमी काम करणाऱ्यांची नावं काढा म्हणून."

काकूंना मागंपुढं कुणी नव्हतं. त्यांचं पोट त्या हजेरीवरच होतं. "पक्की लिहून उद्या देते," असं म्हणून मी वही छातीशी धरून घरी आले.

आईला सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुझ्या येळंला म्या भरल्या दिवसाची व्हते. तवा काकूंनीच माझ्या वाटणीचं वाहिलं. ते कुठं लिवलंस, माय?"

मला रडू आलं. डोळे पुसून बसले, सगळ्या टोपल्यांची बेरीज केली, अकरानं भागली आणि प्रत्येकीपुढं तोच आकडा लिहिला.

कारकुनानं तक्ता उलटसुलट पाहिला. "सगळ्या सारख्याच?"

"व्हय, सारख्याच."

काकूंचं नाव काम संपेपर्यंत हजेरीत राहिलं.

सरांनी मात्र तक्त्यावर लाल रेघ मारली. "माणसागणिक काम कधी सारखं असतं का? आकडे मनचे आहेत." मी तक्ता परत वहीत ठेवला. ती वाटणी माझी नव्हतीच, माझ्या जन्माआधीपासून त्या बायका ती करत आल्या होत्या.