ह्यांचं फुकटचं सॉफ्टवेअर

ह्यांले जाऊन दोन दिवस झाले होते, अन् ह्यांच्या फोनवर एकतीस मिस्ड कॉल होते.

सांत्वनाचे नाही. "सर, पाचवीचा निकाल प्रिंट होत नाही" म्हणून.

आज वर्ष झालं. म्हणून लिहून राह्यली.

ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे मिस्टर जानेफळले शाळेत गणित शिकवायचे. मी घरीच ब्लाऊज शिवते.

शाळेनं पहिले निकालपत्रकाचं एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. दिसायले मस्त. दोन वर्षांनी लायसन संपलं, कंपनीचा फोन लागेना, अन् पोरांचे सारे मार्क त्याच्यात कुलूपबंद. आपलेच मार्क, आपल्यालेच दिसेनात.

ह्यांनी रजिस्टरवरून पुन्हा सारे टाईप केले. मी वाचून दाखवायची, हे बडवायचे. मग म्हणे, "आता मीच बनवतो. कोणालेबी उघडून पाहता येईल असं."

मी म्हटलं, "उघडून लोकं काय करतील?"

"तू ब्लाऊजात आतून कापड सोडतेस ना, पुढं उसवून मोठा करता यावा म्हणून? तसंच. मी नसलो तरी दुसऱ्याले उसवता आलं पाह्यजे."

नाव ठेवलं "निकाल". कोणीबी वापरा, बदला, पुढं द्या. मेहकर अन् लोणार तालुक्यातल्या कितीतरी शाळांत ते पोचलं.

वापरलं सगळ्यांनी. बदललं कोणीच नाही.

अडलं की सरांले फोन. पोरीच्या साखरपुड्यात हे मंडपाच्या मागं उभं राहून कोण्या मास्तरले सांगत होते, "आता एंटर मारा." अन् वरून लोकांची तक्रार, की दिसायले काही चांगलं नाही बाप्पा, रंगच नाही.

मी चिडायची. "विकतचं असतं तर एवढं बोलले असते का हो?"

हे हसायचे. "विकतचं असतं तर फोन उचलायले माणूस ठेवला असता."

तो माणूस हेच होते.

मी दरवर्षी सांगायची, कोणाले तरी शिकवून ठेवा. हे मीटिंगमधी सांगायचे. लोकं माना डोलवायचे, चहा प्यायचे अन् घरी जायचे. पण ह्यांचंबी चुकलं, आज बोलतेच. समोरच्याले समजावून सांगायच्या ऐवजी स्वतःच करून द्यायचे. लवकर होते म्हणे.

मागच्या वर्षी याच दिवशी छातीत दुखलं. मेहकरले नेईपर्यंत सारं संपलं.

पाचवीच्या निकालाचा नियम तेव्हाच बदलला होता. तो बदल ह्यांनी अर्धा केला होता, अन् निकालाले उरले होते दहा दिवस.

बत्तिसावा फोन मी उचलला. "सर गेले. आता तुमचं तुम्ही पाहा." अन् फोन बंद करून कपाटात टाकला.

खरं सांगते, ते सॉफ्टवेअर मरावं असंच वाटत होतं मले. माझ्या माणसाची बारा वर्षं खाल्ली त्यानं. पोरीले म्हटलं, तो कॉम्प्युटर घेऊन जा, मले डोळ्यासमोर नको.

पाचव्या दिवशी सुलतानपूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रज्ञा मॅडम एसटीनं आल्या. पाणी प्यायल्या.

मग म्हणल्या, "काकू, सर मले तीनदा म्हणले होते, शिकून घ्या. मी टाळलं. आमच्याजवळ जुनं आहे, नवीन बदल सरांच्या कॉम्प्युटरवर असंल. एकदा पाहू द्या."

"आता काऊन आठवलं?" मी बोललीच.

"हाव काकू. चुकलं."

वाद नाही घातला बाईनं. कॉम्प्युटर पोरीनं अजून नेला नव्हता, तो मी लावून दिला.

मले वाटलं सारं इंग्रजी असंल. तर मधी मधी इंग्रजी अक्षरांत मराठी. मॅडम म्हणल्या, पुढच्या माणसाले समजावं म्हणून प्रोग्राममधी अशा चिठ्ठ्या लिहून ठेवतात, कॉम्प्युटर त्या वाचत नाही. अन् त्या मले वाचून दाखवायले लागल्या.

"इथे मी घोळ केला आहे. चालतो, पण का चालतो ते मला माहीत नाही."

"नापास हा शब्द काढला आहे. कोणी परत टाकू नये."

"हे घाईत केलं. कोणाला सवड असेल तर नीट करावं."

बारा वर्षं हा माणूस त्याच्यात कोणाशी तरी बोलत होता, अन् तिकडून कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

शेवटची चिठ्ठी जायच्या आदल्या दिवसाची होती.

"पाचवीचं अर्धं झालं. पुढचं ज्याला जमेल त्याने करावं. अडलं तर मला फोन करा. जेवणाच्या वेळी नको, शालू चिडते."

शालू म्हणजे मी.

तिथंच खाली बसून रडली मी. पाच दिवसांत नीट रडली नव्हती.

मॅडमले तीन दिवस लागले. एकदा तर काहीतरी चुकून साऱ्या वर्गाचाच पहिला नंबर आला. ह्यांले दाखवायले पाह्यजे होतं ते. मी रोज मॅडमले ताट वाढत होती. निकाल वेळेवर लागले.

विकतचं होतं ते कंपनीसंगं गेलं. हे उघडं होतं म्हणून वाचलं. पण आपोआप नाही वाचलं, एक बाई एसटीत बसून आली म्हणून वाचलं. फुकट वापरणाऱ्यांनो, तेवढं ध्यानात ठेवा.

आता चार जण मिळून पाहतात. भांडतात लय. रंगबी टाकले कोणीतरी.

परवा मॅडमचा मेसेज आला. यंदाचे सारे निकाल लवकरच लागले, कुठंच अडलं नाही.

अहो, तुम्हाले न विचारता निकाल लागले. एकालेबी तुमची गरज पडली नाही.

मले लय वाईट वाटलं. अन् तुम्हाले हेच पाह्यजे होतं, हेबी मले माहीत आहे.

नमस्कार करते.

तुमची शालू