तांब्या आधी मंदाबाईंकडे

आमच्या संशोधनाच्या मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुप्याहून नगरला येणाऱ्या एसटीत होते. मांडीवर तिथल्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या रक्ताच्या नमुन्यांची बर्फपेटी. सगळे म्हणाले, सरळ त्यांच्या घरी ये. मी आधी प्रयोगशाळेत नमुने तपासणीला लावले आणि मगच रडले. बर्फ वितळू दिला असता तर त्यांनी तिरडीवरूनही मला झापलं असतं.

शोकसभेत जो उठला तो 'भरून न येणारी पोकळी' म्हणाला. मला संताप आला. किडनीच्या आजाराचं संशोधन एकट्यादुकट्याचं काम नाही, हे पोरांना शिकवण्यात डॉ. कुमुद सोनवणेंनी हयात घालवली... आणि हे एकाच माणसाची पोकळी घेऊन बसले!

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे आलो ते नुकते पास झालेले, शिंगं फुटलेले. एक डॉक्टर, एक आकडेवारीवाला आणि जीवरसायनशास्त्र शिकलेली मी. शिवाय मंदाबाई. पाथर्डीकडच्या, अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेल्या. त्या टीममध्ये कशाला, हे मला बरेच दिवस कळेना. दर बुधवारी बैठक व्हायची. टेबलावर पाण्याने भरलेला, एका बाजूला चेपलेला स्टीलचा तांब्या. तो ज्याच्यापुढे, त्यानेच बोलायचं. पहिल्यांदा मंदाबाईंपुढे, सगळ्यात शेवटी मॅडमपुढे. "मी आधी बोलले की तुम्ही नुसत्या माना डोलावता," त्या म्हणायच्या.

यंदाच्या हंगामात आम्ही पहिल्यांदाच ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, गेलो आणि सपशेल आपटलो. उसाच्या फडातून परतलेल्या बायांचं रक्त तपासलं, तर कितीतरी जणींचं क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी बिघडली की ते रक्तात साचतं. मी हरखले. सांगायला लाज वाटते, पण हरखले. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा तयार करून बुधवारी गेले. पण तांब्या आधी मंदाबाईंपुढे होता.

"ताई, बाया दिसभर पानीच पीत न्हाईत. फडात आडोसा कुठं हाय? प्यालं की जावं लागतंय."

आमच्या चार पानी फॉर्ममध्ये पाण्याचा प्रश्नच नव्हता! मॅडम ओरडल्या नाहीत. "उद्या फडात जा. दिवसभर उसाच्या मोळ्या बांध," एवढंच म्हणाल्या. गेले. आजूबाजूला मुकादम, ट्रॅक्टरवाले... दुपार टळली तरी मीही बाटली उघडली नाही. संध्याकाळी स्वतःचीच गडद लघवी पाहिली आणि माझी शिंगं गळून पडली. अंगात पाणी कमी पडलं तरी तो आकडा तात्पुरता चढतो. खरा आजार कोणाला, हे कळायला बाया गावी परतल्यावर, तीन महिन्यांनी, पुन्हा तपासायला हवं. ती दुसरी फेरी व्हायच्या आतच मॅडम गेल्या.

त्यांच्या जागी आलेल्या सरांनी आठवड्याभरात कळवलं, टीममध्ये फक्त पदवीधर राहतील. मंदाबाईंची गरज नाही. आणि दुसऱ्या फेरीचं? "बघू." आपल्याकडे 'बघू'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ज्यांचं रक्त घेतलं त्या बायांना त्यांची किडनी बरी आहे की नाही, हे कोणी सांगायचं? मी मंदाबाईंना फोन केला, "बुधवारी या. नेहमीसारख्या."

परवाच्या बुधवारी सर बसले, घसा खाकरला आणि त्यांनी तांब्याकडे हात नेला. मी तो उचलून मंदाबाईंपुढे ठेवला. "सर, या खोलीत तुम्ही शेवटी बोलायचं."

मंदाबाईंनी तांब्या उचलला आणि वरून धार धरून त्या घटाघटा पाणी प्यायल्या. कोणाचीही पर्वा न करता, अर्धाअधिक रिकामा होईपर्यंत. मग पदराने तोंड पुसलं.

"सायेब, बाया गावाकडं आल्यात. वाट बघत्यात. कवा निघायचं?"

सर काही बोलायच्या आत मी कपाटावरची बर्फपेटी खाली काढली.