लिंबाजी गुरुजींची रांग

लिंबाजी गुरुजी बसण्याच्या बाबतीत अत्यंत कडक होते. वर्गात पाऊल टाकले की ते आधी पाढे विचारीत नसत, पाट्याही तपासीत नसत. ते आधी रांगा पाहत. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक मूल आपापल्या जागी. एखाद्याचा गुडघा शेजाऱ्याच्या हद्दीत शिरला तर गुरुजी शिकवायचे थांबत आणि तो गुडघा स्वदेशी परत जाईपर्यंत त्याच्याकडे टक लावून पाहत.

याला कारण होते. निजामाच्या राज्यात, रेणापूरकडच्या त्यांच्या गावी, त्यांच्या वडिलांना शाळेच्या खिडकीखाली उभे राहून अक्षरे ऐकावी लागली होती. ऐकून जेवढी समजली तेवढीच त्यांच्या वाट्याला आली. गुरुजी स्वतः पहिले वर्ष ओसरीवर बसले. ज्या दिवशी त्यांना आतल्या रांगेत जागा मिळाली, त्या दिवशी वडील म्हणाले, "लिंब्या, वरचं छत पडलं तरी तिथून उठायचं न्हाई." छत काही पडले नाही. गुरुजी मात्र शिकले, बौद्ध वस्तीतले पहिले सरकारी नोकर झाले, आणि जागेवर बसणे म्हणजेच शिक्षण, ही समजूत त्यांच्या मनात कायमची मुक्कामाला आली.

अशा माणसाच्या दुसरीच्या वर्गात शिवगंगा आली.

लातूरचा स्वतंत्र जिल्हा होऊन थोडाच काळ झाला होता आणि चाकूरजवळच्या बोरगव्हाण गावी पावसाने पुन्हा तोंड फिरवले होते. शिवगंगेचे वडील गुरुपादप्पा आणि आई बसम्मा दोघेही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. शिवगंगा शाळेत येई. पण तिला बसता येत नसे. ती उठे, भिंतीला हात लावी, खिडकीला लावी, फळ्याला लावी आणि पुन्हा भिंतीकडे जाई. ती फारसे बोलत नसे. तोंडातल्या तोंडात एकच सूर धरून गुणगुणे. कोणी हात धरला तर जीव जाईल अशी किंचाळे. शाळेच्या घंटेचा, म्हणजे टांगलेल्या रुळाच्या तुकड्याचा, आवाज झाला की कान दाबून कोपऱ्यात शिरे.

गुरुजींनी तिला एकदाही मारले नाही. त्यांनी उपाय केले. त्यांनी फरशीवर खडूने चौकोन आखला आणि त्यात मोठ्या अक्षरांत 'शिवगंगा' असे लिहिले. शिवगंगेला चौकोन इतका आवडला की तिने तो सोडून इतर सर्वांच्या जागी जाऊन उभे राहण्याचा सपाटा लावला. बहुधा त्यांचेही चौकोन कुठे आहेत ते ती शोधत असावी. मग गुरुजींनी रुळाला गोणपाट गुंडाळले, म्हणजे आवाज मऊ होईल. तो इतका मऊ झाला की मधली सुट्टी झाल्याचे कोणालाच कळले नाही, आणि मुख्याध्यापक सिद्रामप्पा चौथीला भूगोल शिकवता शिकवता भुकेने घामाघूम झाले.

त्याच दिवशी सिद्रामप्पांनी त्यांना बाजूला घेतले.

"गुरुजी, नवा जिल्हा हाय. साहेब बी नवे. येत्या आठवड्यात तपासणीला येऊन राहिले. वर्गात ही पोरगी अशी फिरून राहिली तर शाळेची काय इज्जत राहील?"

"मग काय करावे, सर?"

"नाव कमी करा. पोरगी शहाणी झाली की पुन्हा घालू."

"शाळेत न येता ती शहाणी कुठे होणार?"

"ते मला इचारू नका. बसत न्हाई तिला शाळा न्हाई. बसण्याचं तुम्हीच तर सांगता सगळ्यांला!"

नियम त्यांचाच होता. मात्र एकदा गेलेले नाव परत येत नाही, हे ते जाणून होते. त्यांनी तपासणीपर्यंतची मुदत मागितली आणि बेजार होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच त्यांच्या पत्नी तारामती यांनी त्यांच्या हाती घागर दिली. टँकरचे पाणी आडात सोडले जाई आणि तेथे रांगेने भरावे लागे.

आडावर घागरींची लांबच लांब रांग होती आणि माणूस एकही नव्हता. बायका पलीकडे लिंबाखाली बसल्या होत्या. गुरुजींनी आपली घागर शेवटी ठेवली आणि तिच्याशेजारी ताठ उभे राहिले. ऊन वर आले. गुरुजी हलले नाहीत.

"अय्यो गुरुजी," बसम्मा सावलीतून ओरडली, "तुमच्या घागरीला पळून जायची खोड हाय काय?"

बायका खो खो हसल्या.

"जागा जाऊ नये म्हणून उभा आहे," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

"घागर ठिवली की जागा ठिवली! पाटलाची सून आली तरी हात लावायची न्हाई. या सावलीला. माणसानं कशाला तापायचं?"

शिवगंगाही तेथेच होती. ती लिंबापासून धावत येई, रांगेतल्या आपल्या आईच्या कळशीला हात लावी आणि पुन्हा लिंबाकडे धावे. तिच्यावर कोणी रागावत नव्हते. तिची कळशी रांगेत होती. म्हणजे तीही रांगेत होती. गुरुजी ते पाहत राहिले, इतके की त्यांचा नंबर आला आणि मागच्या बाईला त्यांची घागर पुढे ढकलावी लागली.

गुरुजींनी बसम्माला सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी शिवगंगा घरून पितळेचा छोटा गडू घेऊन आली. गुरुजींनी तो तिच्या चौकोनात ठेवला आणि वर्गाला सांगितले, "गडू जागेवर आहे, तोवर शिवगंगा जागेवर आहे." ती उठली, भिंतीला, खिडकीला, फळ्याला हात लावून आली, पण या वेळी गडूलाही लावला. दुपारपर्यंत ती गडूपाशी क्षणभर टेकू लागली. पुढच्या काही दिवसांत तेथे टेकून ती पाटीवर रेघाही ओढू लागली. हजेरीला गुरुजींनी "शिवगंगा" म्हटले की वर्ग एका सुरात गर्जे, "गडू हाय, गुरुजी!"

गुरुजी प्रसन्न झाले. पण ते न्यायी होते आणि तिथेच घात झाला. भुजंग नावाच्या मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, तिला गडू चालतो, मंग मला टोपी कामून चालत न्हाई?"

गुरुजींनी रात्रभर विचार केला. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे त्यांनी लहानपणी पुरेसे पाहिले होते. सकाळी त्यांनी जाहीर केले की अडचण असेल तर कोणीही आपली वस्तू जागेवर ठेवून जावे. मात्र परत यावे.

तपासणीच्या दिवशी साहेब दुपारी येणार होते. ते सकाळीच आले. त्यांच्या जीपच्या थोडे आधी टँकर आला होता आणि त्याने लांबलचक हॉर्न वाजवला होता. आयाबाया खडीवर असल्याने घागरी लावण्याचे काम मुलांचे होते. दुसरीचा वर्ग शिस्तीत उठला, प्रत्येकाने आपल्या जागी वस्तू ठेवली आणि सगळे आडाकडे सुसाट गेले. शिवगंगेने हॉर्नला कान दाबले होते. ती गेली नाही.

मग वर्गात शांतता पसरली. ढकलाढकली नाही, कलकल नाही. शिवगंगेने कानावरचे हात काढले, चौकोनात येऊन मांडी घातली आणि गुरुजींकडे पाहू लागली. ती अशी आजवर कधीच बसली नव्हती. आपण थांबलो तर ती उठेल, या भयाने गुरुजी बेचा पाढा म्हणतच राहिले.

साहेब दारात आले तेव्हा हे दृश्य होते: टोप्यांची एक रांग, पाट्यांची एक रांग, मधे दोन डबे, एक गोफण, टोपी हरवल्यामुळे भुजंगने दप्तराला बांधून ठेवलेले एक करडू, एक मुलगी; आणि समोर घाम पुसत खड्या आवाजात शिकवणारे लिंबाजी गुरुजी.

"बे साती चौदा," गुरुजी म्हणाले. करडू ओरडले.

"विद्यार्थी कुठे आहेत?" साहेबांनी विचारले.

"उपस्थित आहेत, साहेब," गुरुजी पाढ्याच्याच चालीत म्हणाले. "बे आठे सोळा."

सिद्रामप्पांनी भिंतीचा आधार घेतला. साहेब एका टोपीपाशी वाकले, मग करडापाशी. "हा कितव्या नंबरचा?"

"तो भुजंग आहे, साहेब. तात्पुरता."

गुरुजींनी सर्व हकीकत सांगितली, घागरींपासून गडूपर्यंत, एकही गोष्ट न लपवता. सिद्रामप्पा घाईने मधे बोलले, "साहेब, हिच्यामुळं हे सगळं झालं. ही पोरगी जागेवर बसतच न्हाई. आम्ही नाव कमीच करून राहिलोत."

साहेबांनी वर्गभर नजर फिरवली. "कोण बसत नाही?"

"ही."

"आणि बसले कोण आहे?"

एवढ्यात शिवगंगा उठली, साहेबांच्या विजारीवरच्या धुळीला बोट लावून आली आणि परत गडूपाशी बसली. साहेबांनी हसू दाबले. "मुलीचे नाव राहू द्या. गडूही राहू द्या. टोप्या आजपासून बंद. आणि गुरुजी, हे करडू बाहेर काढा, ते तुमचा खडू खाऊन राहिलंय."

मुले परतली तेव्हा गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच वेगळा नियम सांगावा लागला. "गडू फक्त शिवगंगेचा. तुम्हाला बसता येते. तिला त्याच्याशिवाय येत नाही."

"मला बी येत न्हाई, गुरुजी!" भुजंग म्हणाला.

"मग उभा राहा, बाळ."

दोन गणिते होण्याच्या आत भुजंगला बसता येऊ लागले.

शाळा सुटल्यावर गुरुजी चालत खडीच्या कामावर गेले. बसम्मा हातोडा घेऊन दगडांत बसली होती. त्यांना पाहताच तिचा हात थांबला.

"काढलं नाव?"

"नाही. राहिले."

"खरं?"

"साहेबांनीच सांगितले."

तिने पदराने तोंड पुसले. "ती काय करून राहिली व्हती, साहेब आले तवा?"

"बसली होती."

बसम्मा एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. "अगं ऐका गं! गुरुजी लबाड बोलायला शिकले! म्हणे, आमची शिवगंगा बसली व्हती!"

साऱ्या बाया हातोडे खाली ठेवून पाहू लागल्या. गुरुजींनी सदऱ्याची गुंडी लावली, खडीच्या ढिगावर ताठ उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात पुन्हा म्हणाले, "बसली होती. मांडी घालून."